माहेरची वाटी

सकाळपासून हेमलताचा हात सारखा गळ्याशी जात होता. मंगळसूत्र जागेवर आहे ना, वाट्या उलट्या तर झाल्या नाहीत ना, पदरातून नीट दिसतंय ना. बघणाऱ्याला वाटावं, लेकीच्या लग्नात आई हळवी झाली आहे. खरी गोष्ट अशी होती, की ते मंगळसूत्र तिनं गेल्या आठवड्यात सरोजिनी नगरच्या बाजारात घासाघीस करून घेतलं होतं. मणी काचेचे, वाट्या पितळेच्या आणि वर सोन्याचं पाणी. दुकानदारानं बजावलं होतं, "आंटीजी, पसीने से बचाना." दिल्लीचा मे महिना आणि घामापासून वाचवायचं, म्हणजे झालंच.

लेक, इशिता, सातवीत असताना नवरा सुधाकर घर सोडून गेला. पुढे कोर्टाचा कागदही आला. खरं मंगळसूत्र सासूबाईंचं होतं. हेमलतानं ते डबीत घालून त्यांचं त्यांना परत पाठवलं आणि गळा मोकळा ठेवला. सरकारी ऑफिसात कुणी गळे बघत नाही. फायली बघतात, त्याही मनात आलं तर. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये मायलेकींचं बरं चाललं होतं. पण इशिताचं पहिलं जमलेलं लग्न याच कारणावरून मोडलं. मुलाकडचे आपलेच, दिल्लीत वाढलेले मराठी लोक. 'घर मोडलेलं आहे, आम्हाला जमणार नाही' असा तिसऱ्याच माणसाकडून निरोप पाठवला. त्या संध्याकाळी इशिता बाथरूममध्ये नळ सोडून कितीतरी वेळ बसली होती आणि हेमलता बाहेर दाराशी उभी होती.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. साकेत या नव्या मुलाच्या घरचे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा कुणी काही विचारायच्या आत हेमलता बोलून गेली, "इशिताचे बाबा पुण्याला असतात. नोकरी तिकडे आहे ना." खोट्याला पाय नसतात म्हणे, म्हणूनच ते सारखं कडेवर घेऊन हिंडावं लागतं. पुढे सुधाकरला फोन करून कन्यादानाला बसशील का म्हणून विचारावं लागलं. तो आला, कोपर्निकस मार्गावरच्या, आपल्या राज्याच्या जुन्या सदनात पुण्याच्या पाहुण्यांबरोबर उतरला आणि आपण मोठे उपकार करतो आहोत असा चेहरा करून हिंडू लागला.

इशिताला हे मान्य नव्हतं. "आई, साकेतला सगळं माहीत आहे. त्याच्या आईलाही सांगून टाकू ना यार," ती म्हणायची.

"लग्न लागू दे. मग हवं तर पेपरात जाहिरात दे," हेमलता म्हणायची.

एकच दिवस निभवायचा होता. आज जर विहीणबाईंना कळलं, भर मांडवात, दोन्हीकडच्या माणसांसमोर, तर पहिल्यासारखंच होईल. फरक एवढाच की या वेळी नळ सोडायला बाथरूमही नसेल. या भीतीनं हेमलता रात्रभर झोपली नव्हती.

हॉलच्या आतल्या खोलीत साकेतची आई, विशालाक्षी, सुनेला सजवत होती. मूळची तेलुगू, गोदावरीकाठची, पण गाझियाबादला संसार करून केस पांढरे झालेली बाई. बोटं मात्र भराभर चालायची. दोघींची बोलणी हिंदीत चालत. एकीची हिंदी गोदावरीच्या वळणाची, दुसरीची मुठेच्या. जशीच्या तशी लिहिली तर हिंदीवाल्यांना वाईट वाटेल, म्हणून इथे ती मराठीतच बरी.

"हे सूर्य, हे चंद्र," इशिताच्या भांगाच्या दोन बाजूंना सोन्याची दोन चिन्हं अडकवत विशालाक्षी म्हणाली. "आधी देवळातल्या देवीच्या अंगावर असायचे. मग देवापुढे नाचणाऱ्या बायकांनी घातले. त्यांच्याकडून नवरीकडे आले. लग्नाच्या दिवशी मुलगी देवी असते. दुसऱ्या दिवसापासून सून."

तिच्या दोन्ही बहिणी हसल्या. हेमलताही हसली आणि हसता हसता तिचा हात गळ्याशी गेला.

मग नाण्यांची माळ निघाली. कासुल पेरु. प्रत्येक नाण्यावर बसलेली लक्ष्मी, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. "माझी आजी सांगायची, आमच्या किनाऱ्यावर लांबून गलबतं यायची. कापड न्यायची, मिरी न्यायची आणि सोन्याची नाणी ठेवून जायची. पुरुष म्हणाले तिजोरीत ठेवू. बायका म्हणाल्या, तिजोरीची किल्ली तुमच्याकडे असते, त्यापेक्षा आमचा गळा बरा."

"आमच्याकडे पुतळ्यांची माळ असते," हेमलता म्हणाली. "अगदी अशीच."

दंडातल्या वंकीला तिनं लगेच वाकी म्हणून ओळखलं. वड्डाणम म्हणजे कमरपट्टा, तोही ओळखीचा. एकेक दागिना तिला बालपणीच्या मैत्रिणीसारखा भेटत होता. सगळंच सारखं निघत गेलं आणि तिथंच घात झाला. माणूस परका वाटला तर आपण त्याला चार प्रश्न विचारतो. आपल्यासारखाच वाटला की विचारायचं राहून जातं. या दोन घरांत गेले पाच महिने हेच चाललं होतं.

इशिता सजून उभी राहिली तेव्हा विशालाक्षीनं पितळी ताटली पुढे ओढली. ताटलीत हळदीत भिजवलेला जाड दोरा होता आणि त्यात सोन्याची एक गोल, मधोमध फुगीर चकती ओवलेली होती. चकतीशेजारची जागा मोकळी होती.

"हे आमच्याकडचं पुस्ते," ती म्हणाली. "आता तुमचं द्या, वदिना." वदिना म्हणजे वहिनी, त्यांच्यात विहिणी एकमेकींना तसंच म्हणत.

"आमचं काय?"

"तुमचं पुस्ते. दुसरं. भटजी दोरा मागतायत, मी ओवून देते."

विशालाक्षीनं समजावलं. मंगळसूत्रात दोन चकत्या असतात. एक सासरहून येते, एक माहेरहून. दोन्ही एका दोऱ्यात आल्या की तीन गाठी मारायच्या. मुलीच्या घरची चकती मुलीचे आईबाप घडवून आणतात. हे काय सांगायचं असतं का?

"पण मंगळसूत्र तर मुलाकडचे आणतात," हेमलता म्हणाली. "आमच्याकडेही दोन वाट्या असतात. एक माहेरची, एक सासरची, असंच म्हणतात. पण घडवतात दोन्ही सासरचेच."

"मग ती माहेरची कशी झाली?" विशालाक्षीनं सरळ विचारलं.

हा प्रश्न हेमलताला कधी पडलाच नव्हता. तिच्या आईलाही नाही, आजीलाही नाही. जानेवारीत याद्या करायला बसले होते तेव्हा विशालाक्षी म्हणाली होती, "मंगलसूत्र का तो जैसा रिवाज है." हेमलतानं मान डोलावली होती, "बिल्कुल, जैसा रिवाज है." दोघी समाधानानं पुढच्या विषयाकडे, म्हणजे जेवणाकडे वळल्या होत्या. हलवायाशी जिलबीवरून मात्र तासभर वाद झाला होता.

बाहेर नादस्वरम सुरू झालं. हेमलताची धाकटी बहीण स्वरूपा दाराशी उभी होती. ती म्हणाली, "मी गाडी घेऊन जाते, कुठूनतरी आणते." पण सराफाची दुकानं अजून उघडायची होती, उघडली तरी असली चकती तयार मिळायची नाही, आणि रिंग रोडवरून जाऊन परत यायचं म्हणजे मुहूर्त केव्हाच टळून गेला असता. भटजींचा मुलगा दारावर टकटक करून गेला.

विशालाक्षी क्षणभर विचारात पडली. मग तिचा चेहरा एकदम उजळला आणि हेमलताचा हात पुन्हा गळ्याशी गेला.

"मी कशाला घाबरतेय? माझ्या लग्नात असंच झालं होतं. पूर आला, सोनार नदीपलीकडे अडकला. माझ्या आईनं आपल्या गळ्यातलं एक पुस्ते काढून माझ्या दोऱ्यात ओवलं. ते बघा, अजून आहे." तिनं स्वतःच्या साखळीतली एक झिजलेली चकती वर काढून दाखवली. "तुमच्याकडे दोन वाट्या आहेत. एक द्या. आईच्या गळ्यातलं, इतक्या वर्षांच्या संसारातलं सोनं. याहून शुभ ते काय?"

तिच्या बहिणींनी माना डोलावल्या. एकीनं तर कौतुकानं हेमलताच्या पाठीवरून हात फिरवला.

हेमलतानं वाट्या मुठीत धरल्या. "नको," ती म्हणाली, "मंगळसूत्र असं मोडायचं म्हणजे..."

"मोडायचं नाही हो. थांबा." विशालाक्षीनं आपल्या पिशवीतून हळदीचा आणखी एक दोरा काढला. त्याला नुसतं एक हळकुंड बांधलेलं होतं. "आधी हे गळ्यात घाला, मग ते काढा. गळा क्षणभरही मोकळा राहत नाही. आमच्यात सर तुटला, पुस्ते दुरुस्तीला गेलं, तर बाई हेच घालते. आणि हे काही कमी नाही. आजी म्हणायची, सोनं नंतर आलं, गलबतातून. आधी सगळ्याजणी हेच घालायच्या. वळा तिकडे, मी फासा काढते."

ती पुढे आली. हेमलता मागे सरकली, तशी तिची पाठ कपाटाला टेकली. मानेवर घामाची धार उतरलेली तिला कळत होती. ही बाई जन्मभर सोनं हाताळत आलेली. वाटी तिच्या बोटांत पडायचा अवकाश, वजनावरून कळणार होतं. एवढ्यात स्वरूपा मध्ये घुसली. "माझं घ्या ना. मी मावशी आहे तिची." तिनं घाईघाईनं पदर बाजूला केला. तिचं मंगळसूत्र आजकालचं, ऑफिसात शोभेल असं. बारीक साखळीत हिऱ्याचा एकुलता एक ठिपका.

"याला वाटी कुठाय?" विशालाक्षी हसली. "आणि मावशी असते बाजूला, आई असताना आईचंच."

मामी, आत्या बाहेर होत्या, त्यांच्या गळ्यांत खऱ्या वाट्या होत्या. पण त्यांच्याकडे मागायची तर कारण सांगावं लागणार. आईची का नको?

"आई," इशिता म्हणाली. एवढंच. ती आरशासमोर उभी होती, इतक्या सोन्यात की मान वळवणंही जमत नव्हतं. आरशातून ती आईकडे बघत होती.

हेमलताला वाटलं, द्यावी. काढून, झटकन आपणच ओवावी, हळदीनं माखली की कुणाला काय दिसणार आहे. आजचा दिवस निघून जाईल. पुढचं पुढे. तिचा हात मागे फाशाकडे गेलासुद्धा. आणि मग ती वाटी तिला इशिताच्या गळ्यात दिसली. नुसतं पितळ असतं, तर एक वेळ ती गप्प बसली असती. गरिबाघरी पितळच असतं. पण ज्या संसाराचं सोनं म्हणून विशालाक्षी ते मागत होती, तो संसार नव्हताच. आपण आपल्या गळ्यात खोटं अडकवलं, ते आपलं आपण निस्तरू. पोरीच्या गळ्यात ते तीन गाठी मारून कसं बांधायचं? तिला स्वतःचीच किळस आली.

"विशालाक्षीजी," ती म्हणाली, "दोन मिनिटं आपण दोघीच बोलू."

बहिणींनी एकमेकींकडे बघितलं आणि त्या बाहेर गेल्या. स्वरूपा जाताना दार ओढून गेली. इशिता होती तिथंच उभी राहिली.

"हे सोनं नाही," हेमलता म्हणाली. "पितळ आहे. बाजारातून आणलंय. आणि इशिताचे बाबा नोकरीसाठी पुण्याला नाहीत. आमचा घटस्फोट झालाय, ती लहान असतानाच. आज मी बोलावलं म्हणून आलेत. तुम्हाला मी खोटं सांगितलं. पहिल्या दिवसापासून."

हळकुंडाचा दोरा विशालाक्षीच्या हातात तसाच लोंबत होता. बाहेर नादस्वरम वरच्या पट्टीत गेलं आणि इशिता वळली तसे तिच्या कमरपट्ट्याचे बारीक घुंगरू वाजले.

"का?" शेवटी विशालाक्षीनं विचारलं.

"एकदा खरं सांगून बघितलं होतं. तिचं लग्न मोडलं."

"आणि मी तसलीच निघेन असं वाटलं."

"हो," हेमलता म्हणाली. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

विशालाक्षी इशिताकडे वळली. "साकेतला?"

"त्याला पहिल्यापासून माहीत आहे, आंटी. तो सांगणार होता. मी अडवलं, आईनं मला अडवलं."

"म्हणजे माझ्या मुलाला माहीत, तुझ्या मावशीला माहीत, बाहेर बसलेल्या सगळ्या पुण्याला माहीत. मला तेवढं नाही." ती खुर्चीत बसली. तिच्या कपाळावरची शीर उडत होती. "पाच महिने मी तुमच्या घरात चहा पिते आहे. माझ्या आजीची माळ मी विश्वासानं या पोरीच्या गळ्यात घातली."

हेमलताला वाटलं, आता ती उठेल, एकेक दागिना उतरवून पेटीत ठेवेल. इशितालाही तेच वाटलं असावं, कारण तिचा हात आपोआप नाण्यांच्या माळेकडे गेला. घट्ट धरायला नव्हे, काढून द्यायला.

"हात खाली," विशालाक्षी म्हणाली. "घातलेलं काढत नसतात."

दारावर पुन्हा टकटक झाली. भटजी मुहूर्ताच्या नावानं ओरडत होते. विशालाक्षीनं तेलुगूत काहीतरी फटकारून त्यांना गप्प केलं. मग ती हेमलताला म्हणाली, "रागवायला आज वेळ नाही. उद्या रागवेन. नीट, घरी येऊन रागवेन. आत्ता मला सांगा, या दोऱ्यात काय ओवू? एका पुस्त्यानं लग्न लागत नाही. लोक म्हणतील मुलीला माहेरच नाही."

"माहेर आहे," हेमलता म्हणाली. हे मात्र ती पटकन बोलली. तिनं ओटीच्या सामानाची पिशवी जमिनीवर रिकामी केली. सुपाऱ्या, खारका, बदाम घरंगळले. त्यातून तिनं एक हळकुंड उचललं. परवा क्वार्टरमध्ये घाणा भरला होता, शेजारच्या पंजाबी, बंगाली बायकांनी हौसेनं मुसळ धरून हळद कांडली होती. त्यातलं हे शिल्लक राहिलेलं. "तुम्हीच म्हणालात, सोनं नंतर आलं. हे माझ्या घरचं आहे. त्या घरात मी आणि ती, दोघीच राहतो. तिथे दुसरं कुणी नाही, पण घर आहे."

विशालाक्षीनं हळकुंड हातात घेतलं, खिडकीशी नेऊन उलटंसुलटं करून पाहिलं, जणू कसाला लावते आहे. मग खाली बसून तिनं त्या मोकळ्या जागी दोऱ्याचा वेढा त्याच्याभोवती घट्ट आवळला. सोन्याच्या चकतीशेजारी ते ओबडधोबड, पिवळं, बोटभर हळकुंड बसलं.

"सोळाव्या दिवशी दोरा काढून सोन्याच्या साखळीत ओवतात," ती वर न बघता म्हणाली. "तोवर पुस्ते घडवून आणा. तुमचं. तिच्या बाबांचं नको."

"आणते."

"आणि ते गळ्यातलं काढा. खोटं घालून कन्यादान करायचं नाही."

हेमलतानं फासा सोडला. मानेवर काळपट हिरवी रेघ उमटली होती, ती रुमालानं पुसूनही पूर्ण गेली नाही. विशालाक्षी ताटली घेऊन निघून गेली. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

मांडवात जाईपर्यंतची वाट हेमलताला फार लांब वाटली. दोन्हीकडच्या नजरा आधी नवरीवर जात, मग तिच्यावर येत, मग तिच्या गळ्यावर थांबत. पुण्याच्या आत्यांनी एकमेकींना कोपर मारलेलं तिनं पाहिलं. सुधाकर पाटावर बसला होता.

"गळ्यातलं कुठाय?" त्यानं हळूच विचारलं.

"काढलं. त्यांना सगळं सांगितलं."

"अगं, मग मी इथे कशाला बसलोय?"

"इशिताचे बाबा म्हणून. तेवढं खरं आहे. सरळ बस."

तो सरळ बसला. कन्यादान झालं. नवरानवरीनं एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवला, अक्षता उडाल्या. मग भटजींनी नारळावर ठेवलेला दोरा ताटलीतून माणसांत फिरवला. वडीलधाऱ्यांनी, सवाष्णींनी त्याला हात लावून आशीर्वाद द्यायचा असतो. बायका हात लावत होत्या, हळकुंड बघून भुवया उंचावत होत्या आणि विशालाक्षीचा चेहरा बघून भुवया खाली घेत होत्या. ताटली जवळ येऊ लागली तशी हेमलता अर्धं पाऊल मागे झाली. मोकळ्या गळ्याची बाई यात मोजत नाहीत हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं दोन्ही हात पदरात घेतले. ताटली तिच्यासमोरून पुढे गेली.

विशालाक्षीनं ती भटजींच्या हातातून काढून घेतली. दोन पावलं परत आली. राग तिच्या तोंडावर अजून तसाच होता, लपवायचा तिनं प्रयत्नही केला नव्हता.

"हात लावा, वदिना," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "अर्धं तुमच्या घरचं आहे."

हेमलतानं पदरातून हात काढला. आधी सोन्याला लावला, मग हळकुंडाला. बोटं पिवळी झाली. साकेतनं दोरा उचलला आणि तो इशिताच्या मागे जाऊन उभा राहिला. गाठ मारायची म्हणून तिनं मान खाली घालायची होती. ती घालण्याआधी तिनं एकदाच वर बघितलं. दोऱ्याकडे नाही, नवऱ्याकडेही नाही, आईच्या मोकळ्या गळ्याकडे बघितलं. मग तिनं मान पुढे केली.